सटवाची नोकरी आणि आपली टीम

दिंद्रुड,
ता. १२ मे १९८७

प्रिय शहादेव,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू पत्र न फोडताच ठेवून देशील अशी शंका आली, म्हणून पत्ता शाळेतल्या गुरुजींकडून लिहून घेतला. आत मात्र माझेच कोंबडीचे पाय आहेत. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मध्येच रागावून टाकून देऊ नकोस, कारण राग येण्यासारखं जे आहे ते पुढं आहे.

आधी बातमी. यंदा हनुमान जयंतीच्या यात्रेत आपली टीम पहिल्याच फेरीत हरली. नुसती हरली नाही, धुतली गेली. अर्ध्या तासात आपल्यावर दोन लोण चढले. बद्रीनाथ माजलगावच्या टीमकडे गेला, तिथं त्याला सायकलच्या दुकानात काम मिळालंय. त्याच्या जागी डाव्या कोपऱ्यात एक नवा गडी उभा केला. छाती बैलासारखी, पण डोकंही तसलंच. चढाईवाला वळला की घोट्याला हात घालायचा, हे कोपऱ्यातल्या माणसाचं काम. हा सरळ अंगावर धावून जायचा, आणि समोरचा त्याला हात लावून आरामात आपल्या हद्दीत परत. मी ओरडून घसा बसवून घेतला. मैदानही टणक होतं. गेल्या वर्षी लोकांनी आंघोळीचं पाणी घमेल्यात साठवून मैदानावर मारलं होतं आणि पहिल्या चढाईला साऱ्या मैदानाला साबणाचा वास येत होता, आठवतं ना? यंदा टँकर चार दिवसांनी येतो. आंघोळच कोणी करत नाही, मग मैदानाला पाणी कुठलं! गड्यांचे गुडघे सोलून निघाले.

सामना संपल्यावर मी नेहमीप्रमाणे आपल्या दोराच्या दुकानाच्या ओट्यावर येऊन बसलो. वाद घालायला तोंड शिवशिवत होतं आणि समोर कोणी नव्हतं. एक जण दावं घ्यायला आला, त्यालाच म्हटलं, डावा कोपरा मोकळा ठेवून मधल्यांनी साखळी करायला पाहिजे होती की नाही? तो म्हणाला, आप्पा, दावं द्या, बैल मोकळा हाय. सांगायची गोष्ट एवढीच की तू गेल्यापासून या ओट्यावर कबड्डीचा एक शहाणा शब्द कोणी बोललेलं नाही. मूर्ख शब्दही नाही. मी एकटाच दोन्ही बाजूंनी बोलतो. तुझ्या बाजूनं बोलताना चष्मा पुसायची तुझी खोडसुद्धा करून पाहिली. माझ्याकडे चष्मा नाही, तेव्हा ते काही जमलं नाही.

पंचवीस वर्षं आपण वाद घातला आणि दोघांपैकी एकानंही कधी मैदानात पाय ठेवला नाही. तू चष्म्यामुळे, मी पोटामुळे. तुझं म्हणणं, सामना पकड जिंकते. चढाई म्हणजे नुसती दिवाळीची फटाकडी. माझं म्हणणं, सात भिंती उभ्या करशील, पण गुण आणायला कोणीतरी पलीकडे जावंच लागतं. दिवाळीनंतर अर्धी टीम ऊसतोडीला जायची आणि चैत्रात परत यायची. ट्रकमधून उतरणाऱ्यांची चाल बघूनच आपण ठरवायचो, उसाच्या मोळ्या वाहून कोणाच्या पाठीत बळ आलंय आणि कोणाची पाठ बसलीय. मग यात्रेपर्यंत रोज दुपारी टीम मांडायची. याला काढ, त्याला घे, अमक्याला मध्ये आण. टीमवाले आपलं काही ऐकत नसत, ही गोष्ट वेगळी.

मल्लम्मा मला एकट्याला टाकून गेली, तेव्हा सारं गाव येऊन दोन शब्द सांत्वनाचे बोलून गेलं. तू महिनाभर रोज आलास आणि तिच्याबद्दल एक अक्षर काढलं नाहीस. उजव्या कोपऱ्यात कोण असावा यावरून माझ्याशी भांडत बसलास. त्या भांडणानं मला जेवायला लावलं, शहादेव. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आता गेल्या वर्षाचं. सटवा तेव्हा ऐन भरात होता. आसारामचा हा मुलगा वस्तीवरच्या कोरडवाहू रानात राबायचा, आणि मैदानात गेला की त्याचा दम संपतच नसे. तुझ्यासारखा पकडवालासुद्धा त्याच्या चढाईला उभा राहायचा. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. तू सोसायटीचा सचिव. कामानिमित्त नगरकडच्या एका साखर कारखान्यावर गेलास आणि तिथं शब्द टाकून आलास. सहकारी कारखान्यांच्या स्पर्धा होत्या, त्यांना चढाईवाला पाहिजे होता. नोकरी वॉचमनची, कायम, राहायला खोली, वर कारखान्याकडून खेळायचं. तू आसारामच्या अंगणात बसून सांगितलंस, आठ-पंधरा दिवसांत कागद येईल. आसारामनं तुझ्या पायाला हात लावला होता, मी पाहिलं होतं.

आपण दोघं ओट्यावर कडाकडा भांडलो ते त्याच दिवशी. मी म्हणालो, सटवा गेला तर यात्रेत आपली टीम म्हणजे घंटेविना बैल. तू म्हणालास, खड्ड्यात जाऊ दे तुझी टीम बे, त्याच्या घरात खायला न्हाई. मी गप्प झालो. तुला वाटलं, मला पटलं. पटलंही होतं. पण पटणं आणि वागणं यात बरंच अंतर असतं.

पुढचं तुला माहीत आहे. यात्रा झाली, अंतिम सामना आपण एका गुणानं जिंकलो, सटवाला खांद्यावर घेऊन गाव नाचलं. आणि कागद काही आला नाही. महिन्यानं आसाराम स्वतः कारखान्यावर गेला; फाटकावरच त्याला सांगितलं की जागा भरल्या, आत कोणी सोडलं नाही. परत आला तो सरळ माझ्या ओट्यावर, तुझ्यासमोर. तू म्हणत होतास, कागद निघालाय, मी टेबलावर डोळ्यांनी बघितलाय. आणि तो म्हणाला, तात्या, कागूद काय चिमणी हाय का, वाटंत उडून जायला? आमाला कावून झुलवलं? चारचौघं हसले. तुला ठाऊक नसेल, पण गावात ती म्हणच पडली आहे. टँकर उद्या येणार असं कोणी सांगितलं की म्हणतात, तात्याचा कागूद. सोसायटीत तुझ्या सहीलाही लोक हसू लागले आणि श्रावणात तू बदली मागून शिरूर कासारला गेलास. जाताना सावित्रीवहिनी दुकानाकडे बघतसुद्धा नव्हत्या. तू फक्त एवढं म्हणालास, येतो रुद्रप्पा. त्या दिवसापासून मला दुपार नकोशी झाली आहे.

आता लिहितो. कागद आला होता, शहादेव.

वस्तीवरचं टपाल पोस्टमन माझ्या दुकानात टाकून जातो आणि दोर घ्यायला येणाऱ्याबरोबर मी ते पोचतं करतो. तीस वर्षांत एक पोस्टकार्ड इकडचं तिकडं झालं नाही, हा माझा तोरा तुला माहीतच आहे. यात्रेच्या सहा दिवस आधी कारखान्याचा शिक्का असलेलं पाकीट आलं. वर सटवाचं नाव. मी ते वजनांच्या पेटीखाली सारलं. मनाशी म्हटलं, सहा दिवसांनी काय बिघडतंय? कारखान्याची नोकरी, ती कुठं पळून जाते? सामना होऊ दे, सत्काराच्या वेळी नारळाबरोबर सटवाच्या हातात देऊ, सारं गाव टाळ्या वाजवील. त्या टाळ्यांत माझाही वाटा धरला होता मी. सामना झाल्यावर पाकीट बाहेर काढलं, तेव्हा हात का थांबला कोण जाणे. फोडून वाचलं. तारीख यात्रेच्या आदल्या दिवसाची होती. त्या तारखेपर्यंत हजर व्हावे, नपेक्षा दुसऱ्या उमेदवारास घेण्यात येईल. बाहेर गुलाल उधळत होते. मी पाकीट परत पेटीखाली ठेवलं आणि नाचायला गेलो.

त्यानंतर आसाराम तुझ्यावर चालून आला तेव्हा मी तुझ्या शेजारीच बसलो होतो. तू माझ्याकडे पाहिलंस. निदान रुद्रप्पा तरी म्हणेल, शहादेव खोटं बोलणारा माणूस नाही, असं तुझ्या डोळ्यांत होतं. मी सुतळीचा गुंता सोडवत बसलो. कागद लपवला ते माझ्या वेडाचं म्हण. पण ते गप्प बसणं वेडाचं नव्हतं, ती भीती होती. भित्रेपणाच होता तो. सकाळी लिंगपूजेला बसलो की तळहातावरच्या लिंगाकडे बघवत नाही. वर्षभर डोळे मिटूनच पूजा करतो आहे.

दिवाळीनंतर सटवा आणि त्याची बायको बायनाबाई कोयता घेऊन गेले. त्या घरातून ऊसतोडीला जाणारी ही पहिलीच माणसं. चैत्रात परत आले तेव्हा मी ओट्यावरून बघत होतो. सटवा ट्रकमधून उतरला तो आधी डावा पाय टेकून. मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पाय घसरला, गुडघा गेला. चालतो, पण धावू शकत नाही. यंदा तो यात्रेला मैदानाच्या कडेला बसून होता. तुझी आणि माझी टीम मांडायची हौस, शहादेव, आणि त्या हौसेपायी मी त्या माणसाचं काय करून ठेवलं ते दोरीपलीकडे बसलेलं दिसत होतं. आपण हरत होतो आणि मी ओरडत होतो असं वर लिहिलं ना? खरं म्हणजे त्याच्याकडे बघायला लागू नये म्हणून ओरडत होतो.

चार दिवसांनी नवरा-बायको दावं घ्यायला आले. मी पाकीट काढून त्याच्या हातात दिलं आणि जे केलं ते सांगितलं. सातवीपर्यंत शिकलेला तो, त्यानं दोनदा वाचलं. बायनाबाईनं हातातलं दावं ओट्यावर ठेवलं आणि चालू लागली. तो थांबला. म्हणाला, आप्पा, मला इचारलं असतं तर मीच म्हणलो असतो, यात्रा खेळून जातो. कारखान्याला तसं लिवलं असतं. तुमी इचारलं कावून न्हाई? इतकी वर्षं त्याची चढाई, त्याची जागा, त्याचा दम यावर बोललो. त्याला काय पाहिजे हे विचारायचं असतं, हे कधी सुचलंच नाही. मग तो म्हणाला, माजं गेलं ते गेलं. पण तात्याला गाव सोडावं लागलं. पाराव जाऊन समद्याम्होरं सांगा, आमचे आबाबी आसतील.

शनिवारी मारुतीच्या आरतीनंतर मी पारावर उभा राहून सांगितलं. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. लोक एकेक करून उठून गेले. सोमवारपासून वस्तीवरचं टपाल पोस्टमन स्वतः सायकलवरून पोचवतो. त्याला कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. दोराला गिऱ्हाईक येतं, पण ओट्यावर कोणी टेकत नाही. आसाराम मात्र त्या दिवशी पारावरून उठला नाही. सारे गेल्यावर म्हणाला, तात्या शिरूरला कुटं ऱ्हातो?

म्हणून हे पत्र. तेवीस तारखेच्या शनिवारी आसाराम सकाळच्या एसटीनं तुझ्याकडे येणार आहे. बरोबर गावातले चार जण आहेत. ज्यांनी ओट्यावर हसून घेतलं होतं, तेच. तुझ्या ऑफिसात लोकांसमोर तुझी माफी मागायची असं त्यांनी ठरवलंय, आणि तुला परत घेऊन यायचं असंही. तुझं नाव तुझं तुला मिळेल, त्याला आता माझी गरज नाही. मला विचारायचंय ते वेगळं. त्यांच्याबरोबर मी येऊ का? माफ कर असं म्हणत नाही, तेवढं तोंड माझ्याकडे उरलेलं नाही. आणि या वेळी तुला न विचारता काही करणार नाही. ये असं एका पोस्टकार्डावर लिहिलंस तर येईन, दाराबाहेर थांब म्हणालास तर बाहेर थांबेन. काहीच आलं नाही, तर त्यांना एसटीत बसवून देईन आणि घरी परत येईन.

तुझाच,
रुद्रप्पा