दिलीपचं फोल्डर

४ नोव्हेंबर
वाचणाऱ्या, आधी गॅस बंद केला का ते पाहून ये. मग बस. चष्मा शोधू नको, डोक्यावर आहे.

मले अक्षर येत नाही. मी बोलते, सरिता लिहिते. सरिता म्हणजे लहान्याची बायको. पुढं तिचं नुसतं स. येईल, बोटं दुखतात म्हणते.

आज दिलीपचं फोल्डर गायब झालं. मोठ्याचं. तो जहाजावर आहे, इंजिनाचं तेलपाणी पाहते. समुद्रात फोन लागत नाही, मेल येते. मेलचं खातं बुढ्याच्या, म्हणजे माह्या नवऱ्याच्या नावाचं, पेन्शनसाठी काढलेलं. त्यात दिलीपची एक वेगळी पेटी, त्याची मेल आपोआप तिच्यातच पडते, तिलेच फोल्डर म्हणतात. मेल आली का स. मले चुलीपाशी वाचून दाखवते, बारीक आवाजात.

सकाळी उघडलं तं पेटीच नाही.
"आत्याबाई, मी काही नाही केलं."
"कोणी म्हटलं तुले?"
"तुम्ही तशा पाहून राहिल्या ना."

५ नोव्हें.
मेललेही कचरापेटी राहते. आज ती उपसली. साड्यांचा सेल, बँकेचं काहीबाही. दिलीप नाही.
स. नं नाव टाकून शोधलं. पण या खात्याची तऱ्हा अशी, ज्या पेटीत उभं राहाल तिथंच शोधते. बुढ्यासारखं. टॉवेल खुंटीवर, अन् हा खाटेवरूनच सांगते, टॉवेल नाही.
कंबर दुखते. बस.

७ नोव्हें.
झोप नाही. काहून, ते लिहून ठेव म्हटलं स. ले.
दसऱ्याच्या मेलमध्ये दिलीपनं लिहिलं होतं, माय, डिसेंबरात करार संपते. पुन्हा सही करू का घरी येऊ? बाबाले विचार अन् कळव.
बाबाले विचार. सोपं लिहिलं पोरानं. बुढ्यानं साहेबांच्या हातापाया पडून त्याले नगरपालिकेत चिकटवलं होतं. यानं वर्षभरात ते सोडलं अन् जहाज धरलं. तेव्हापासून बुढा त्याचं नाव घेत नाही. बंदरावरून पोराचा फोन आला का उठून ओट्यावर जाते.
आज विचारीन, उद्या विचारीन करता करता दिवाळी गेली. अन् आता पेटीच गेली. जहाज बदललं का त्याचा पत्ता बदलते, या जहाजाचा पत्ता त्या मेलमध्येच होता. उत्तर टाकू कुठं? समुद्रात?

९ नोव्हें.
बसनं सौसरले गेली. हे खातं गजूभाऊनं काढून दिलं होतं, तेव्हा तो इथं पांढुर्ण्यात होता, आता त्याचं कंप्युटरचं दुकान सौसरले. रस्त्यात संत्र्याची गाडी आडवी. गुडघे आखडले.
गजूभाऊ म्हणे, "आजी, मिटवलं नाही कोणी. मिटवलं असतं तं कचऱ्यात दिसलं असतं. कोणी सरकवलं."
"कोणी?"
"ते मशीन नाही सांगत."
चहा पाजला. मग म्हणे, बाबूजीही (बुढ्याले तो बाबूजी म्हणते) मागच्या आठवड्यात येऊन गेले, जिवंत असल्याचा दाखला द्यायले.
मी म्हटलं, मले विचारलं असतं तं मीच दिला असता. जेवायले वेळेवर येते.
तो हसला, पण माझ्याकडे न पाहता.

१० नोव्हें.
काही नाही. पडून राहिली. स. ले म्हटलं, लिही, आज काही नाही. तिनं लिहिलं.

१२ नोव्हें.
जेवताना बुढा मधातच म्हणे, "जहाजावर दाताचा डॉक्टर राहत नसेल."
अन् पुन्हा वरण ओरपून राहिला.
दिलीपची दाढ दुखते हे त्याच्या मेलमध्ये होतं. स. नं वाचलं, मी ऐकलं. तिसऱ्या कोणाले आम्ही सांगितलंच नव्हतं.
स. च्या हातातली पोळी तव्यावरच राहिली. करपली.

१३ नोव्हें.
सापडलं.
खात्यात बुढ्याची एक पेटी आहे, पेन्शन नावाची. तिले हात लावायचा नाही हा घरचा नियम, म्हणून स. नं तिकडे पाह्यलंच नव्हतं. आज बुढा वावरात गेला तेव्हा मी म्हटलं, उघड. पाप माह्या माथी. पेन्शनच्या बाजूले एक बारीक बाण. तो दाबला तं पोटातून दिलीप निघाला. साऱ्या मेल जागेवर, पत्ताही. अन् एक नवी, आम्ही न पाहिलेली, पण कोणीतरी उघडलेली. दाढ काढली म्हणे. सही महिनाअखेरी लागते, माय, तू काही बोलत नाही.
अर्धवट राहिलेल्या मेलच्या पेटीत बुढ्याचीही एक होती.
"चि. दिलीप, अनेक आशीर्वाद."
खाली काही नाही.
स. म्हणे, "पेटी जागेवर आणू का?"
"राहू दे. बापाच्या पेन्शनीत आहे, तिथंच राहू दे. उत्तर पहिलं त्याचं जाऊ दे."

१६ नोव्हें.
बुढ्याची मेल वाढली. "इकडे थंडी पडली. संत्रा तोडणीवर आला."
पोराले लिहून राहिला का हवामानवाल्याले?

१९ नोव्हें.
काल स. ले बुढ्याच्या मेलखाली दोन शब्द दिसले होते, "तुझी खोली". आज नाहीत. खोडले.
बुढा ओट्यावर, फोन नाकापाशी.
"काय पाहून राहिले?"
"पेन्शन."
"वाढली का?"
"नाही."
मी चहा ठेवून आत आली.

२२ नोव्हें.
दिलीपच्या खोलीत दर साली कापूस भरलेला राहते, छतापर्यंत. भाव येऊ दे, तोवर कोणी हात लावायचा नाही म्हणत होता बुढा. भाव तसाच आहे. आज सकाळीच गाडी बोलावली अन् सारा धाडून दिला.
मी दारात उभी.
"काहून हो?"
"उंदीर झाले."
मी उंदीर पाह्यला नाही. मग त्यानं झाडू मागितला. या माणसानं, झाडू. स. नं दिला अन् पदरात तोंड लपवून पळाली. (स. हे लिहीत नव्हती. मी लिहायले लावलं.)

२४ नोव्हें.
बुढ्याची मेल तिथंच आहे. संत्रा तोडणीवरच आहे अजून. मी विचारलं नाही, तो बोलला नाही. थकली मी दोघांच्या मधात. म्हणून आज स. ले म्हटलं, हे वरचं सारं जसंच्या तसं त्या पत्त्यावर टाक.

दिलीप, गॅस पाह्यला होता ना?
बाप हो म्हणाला असं मी लिहिणार नाही, कारण तो म्हणाला नाही. खोली रिकामी आहे एवढं लिहिते. खिडकीपाशी कापसाचे पुंजके चिकटून आहेत अजून. सहीले जितकं थांबता येईल तितकं थांबजो. तो हळू लिहिते, अन् लिहिलेलं खोडते.
अन् बंदराले उतरला का खजूर पाठवजो. बिया काढलेला, खालचे दात नाहीत बापाले. पार्सलवर नाव माह्यं टाकू नको, त्याचं टाकजो.