ताईची यादी

३ तारीख, सोमवार

आले एकदाची! माझ्या आधीच्या खुराड्यापुढे ताईचं घर म्हणजे राजमहालच. दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर आणि मागच्या खिडकीत दिवसभर ऊन. ताईला नोकरीसाठी दुसऱ्या गावी जावं लागलं, म्हणून घर माझ्या ताब्यात आलं, आणि घरासोबत मांजर. पांढरं आहे, एक कान काळा, आणि भलतंच लाजाळू, असं ताई फोनवर म्हणाली. मी लगेच बारसं करून टाकलं: बुजरी. दर्शन अजून नाही. बाईसाहेबांचा मुक्काम मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाखाली.

ताईनं स्वयंपाकघरातल्या फडताळाला यादी चिकटवलीय. पंधरा दिवस एकाच खोलीत ठेव. वाकून बघू नकोस, पाठ करून जमिनीवर बस. मोठ्यानं वाच, म्हणजे आवाजाची सवय होईल. अंगावरचा एखादा कपडा न धुता कपाटापाशी ठेव. मांडीवर आलं की हलू नकोस. आई गेल्यावर ताईनं मलाही असंच वाढवलं, याद्या करकरून. शाळेच्या डब्यापासून परीक्षेच्या पेनापर्यंत सगळं यादीत असायचं. मी कधी एक ओळ चुकवली नाही.

५ तारीख, बुधवार

मोठ्यानं वाचायचं काम माझ्या धंद्यात आयतंच बसतं. छापायला जाणारी पुस्तकं तपासताना मी स्वल्पविराम, पूर्णविरामासकट सगळं मोठ्यानं वाचते. आधीचे शेजारी त्यावरून डोकं धरून बसायचे. बुजरीची काही तक्रार नाही. आज तिला शाळेच्या भूगोलाची दोन प्रकरणं ऐकवली. बशी चाटूनपुसून लख्ख, आणि माझी जुनी ओढणी कपाटाखाली ओढून नेलेली! मला इतका आनंद झाला की लगेच ताईला फोन केला. ती चक्क रडायला लागली. म्हणाली, हे तुझ्याच हातून होणार होतं, तुझ्याइतकी चिकाटी कुणात नाही. वेडी कुठली.

९ तारीख, रविवार

आज हातानं भरवलं. पाठमोरी बसून तळवा मागे धरला, तर थोड्या वेळानं जीभ लागली. मांजराची जीभ खरखरीत असते म्हणतात. ही मऊ होती, आणि बरीच रुंद.

वाळूचा ट्रे मात्र आठवडाभर कोराच. घरात एक केस पडलेला नाही. पोट बिघडलं असेल बिचारीचं. ताईच्या खणात लसीचं कार्ड सापडलं, त्यावर प्राण्यांच्या डॉक्टरांचा पत्ता आहे. उद्या जाऊन येते.

१० तारीख, सोमवार

डॉक्टर चक्रावले. म्हणाले, ते मांजर तुमच्या ताईंनी तीन आठवड्यांपूर्वीच इथे आणून सोडलं. आमच्या घरात टिकत नाही, म्हणाल्या.

पांढरं, एक कान काळा. समोरच्या खुर्चीवरून उतरून ते थेट माझ्या मांडीवर आलं. लाजाळू कसलं, लोचट आहे नुसतं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले. दवाखाना बंद व्हायची वेळ झाली तरी उठवेना.

मग कपाटाखाली कोण आहे?

११ तारीख, मंगळवार

घरी गेलेच नाही. लॉजवर खोली घेतली. ताईला फोन लावला. आधी आढेवेढे घेतले, मग सगळं बोलली.

तिनं तीन घरं बदलली, तरी ते मागोमाग आलं. ज्याच्या वासाची, आवाजाची सवय होते, त्याला ते सोडत नाही. दुसऱ्या कुणाची सवय लागली, तरच पहिलं माणूस सुटतं. आधी तिनं मांजर आणून पाहिलं. ते पहिल्याच दिवसापासून घराबाहेर पळायचं, म्हणून डॉक्टरांकडे सोडलं. मग तिला मी आठवले.

मीच का, विचारलं. म्हणाली, तू माझ्या यादीला कधीच ‘का?’ असं विचारत नाहीस.

माझ्या वेण्या घातल्या होत्या त्या हातांनी. त्याच हातांनी यादी लिहिली. रडूसुद्धा येत नाही.

१२ तारीख, बुधवार

लॉजच्या खाटेखाली माझी ओढणी. ओली. मी आणली नव्हती.

सकाळचे दहा, भर उजेड. खाटेखालून माझाच आवाज आला — स्वल्पविराम.

१३ तारीख

परत घरी आले. कुठेही गेले तरी तेच, तर मग —

ताईचा फोन बंद. सुटली ती.

माझी एक मैत्रीण आहे. मांजरवेडी, एकटी राहते. तिला पत्र लिहायला घेतलं. तुझ्यासाठी एक लाजाळू मांजर आहे — इतकं लिहिलं. यादीही उतरवून काढली, अक्षर न् अक्षर. हात जराही थरथरला नाही, याचीच भीती वाटली.

फाडून टाकलं. मी ताई नाही.

१४

लपत नाही आता. कपाटाखाली काही नाही —

दुपार. खिडकीत ऊन. मांडीवर वजन. खाली बघत नाहीये. पाय बधिर झालेत. फक्त लिहिता हात मोकळा —

ताई, हलू नकोस एवढंच लिहिलंस. किती वेळ, ते —

माझ्या आवाजात वाचतंय. मी लिहीन ते, मागोमाग, स्वल्पविरामासकट. आता माझ्या आधीच वाचतंय. मी अजून लिहिलं नाही तोच म्हणालं, पूर्णवि