तुमच्या खिशातलं पेन

अण्णा, आज मी एका बाईशी खोटं बोलले. सरकारी दवाखान्यात माझा रिपोर्ट घ्यायला गेले होते. नोकरी नवी, अकराला ऑफिसात पोचायचं होतं. पेठ तालुक्याकडची एक बाई कागद घेऊन समोर आली. "ताई, मला लिवता येत नाय. एवढं भरून द्या ना, मालकाला भरती करायचंय." मी घड्याळ बघत म्हणाले, "पेन नाहीये हो माझ्याकडे." तुमचं निळं पेन माझ्या पर्समध्येच होतं.

तुम्ही अंगठा लावणारे, पण शर्टाच्या खिशात पेन कायम. शेवंतीची फुलं बाजारात उतरवून तुम्ही मला आठवीच्या प्रवेशाला नाशिकच्या शाळेत घेऊन गेलात तो दिवस आठवतो. तुमच्या खांद्याला पिवळ्या पाकळ्या चिकटलेल्या, आणि फॉर्मातले अवघड शब्द मला कळेनात. बाकावर एक अनोळखी बाई बसलेल्या, त्यांच्या मुलाचा फॉर्म भरत. तुम्ही पेन पुढे करता. त्या आपलं काम बाजूला ठेवतात, एकेक रकाना विचारून भरतात आणि शेवटी थांबतात. "दादा, पोरगी रोज सिन्नरहून येणार कशी?"

"येईल की जीपनं."

"आणि जीप नाही मिळाली म्हणजे? इथं मुलींचं वसतिगृह आहे. इथे खूण करायची असते. करू?"

आपल्याला वसतिगृह आहे हेच माहीत नव्हतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी मान हलवली, आणि त्यांनी खूण केली. गावात माझ्या वर्गातल्या दोघींची शाळा त्या येण्याजाण्यापायीच सुटली. मी मात्र त्या एका खुणेवर पदवीपर्यंत आले. त्या बाईंचं नाव विचारायचं आपल्याला सुचलं नाही.

पुढच्याच वर्षी जातीच्या दाखल्यासाठी आपण तहसीलला गेलो. आता मला सगळं वाचता येत होतं आणि त्याची ऐट होती. तुमच्या खिशातलं पेन ओढून घेत रांगेतल्या सगळ्यांदेखत मी म्हणाले, "लिहिता येत नाही, तर पेन कशाला मिरवता?" मागचा एक माणूस हसला. तुम्ही त्याच्याकडे वळून म्हणालात, "बरोबर बोलती. शिकलेली हाय माझी पोरगी." परत येताना एसटीत, खिडकीबाहेर बघत, तुम्ही एवढंच सांगितलंत, "माणसाला लिहून द्यायचं असतं गं. पण पेन नाय म्हणतो आन निसटतो. म्हणून पेन आपलं ठेवायचं." माफी पुढच्या सुट्टीत मागेन म्हटलं, मग त्याच्या पुढच्या, आणि अकरावीत असताना तुम्ही गेलात. पेन मी ठेवून घेतलं. त्याची कांडी अजून बदलत असते.

तर आज ती बाई हलली नाही. तिनं पिशवीत हात घातला आणि दोऱ्यानं टोपण बांधलेलं एक पेन माझ्यापुढे धरलं. "माझ्याकडं हाय ना," म्हणाली. मी ते घेतलं. खाली बसले आणि अर्ज भरला. शेवटी शाळेत फॉर्म भरून देणाऱ्या त्या बाई आठवल्या म्हणून विचारलं, "मावशी, तुम्ही कुठं राहणार?" "हितंच. झाडाखाली." मग तिला घेऊन चौकशीच्या खिडकीशी गेले. मागच्या अंगाला नातेवाइकांसाठी खोली होती, पंखा होता. ती आत जाऊन आधी भिंतीला पाठ टेकून बसली. मी ऑफिसात पाऊण तास उशिरा पोचले. साहेब म्हणाले, "पहिल्याच महिन्यात का?" मी कारण सांगितलं. ते म्हणाले, "बरं, उद्यापासून लवकर निघत जा." म्हणजे कुणाचा अर्ज आणि ऑफिस, दोन्हीला वेळ पुरेल, असं माझं मी धरून चालले आहे. पेन आता पर्समध्ये नाही, ओढणीला अडकवलं आहे, कुणालाही दिसेल असं.

हे पत्र कुठे पाठवणार? आणि पोचलं असतं तरी तुम्हाला ते एखाद्या अनोळखी माणसाकडून वाचून घ्यावं लागलं असतं. खोटं बोलल्याच्या ओळीपाशी तो अडखळला असता, आणि तुम्ही त्याला म्हणाला असतात, घाईत असंल पोरगी. तुम्ही माझीच बाजू घेतली असती हे मला सकाळी, खोटं बोलतानाही, माहीत होतं.