गेरूचे आकडे पाहून पळालेलं गाव

कोसमटोला, तहसील गडचिरोली
शिमग्याच्या आधीचा सोमवार, १९५१

तीर्थस्वरूप शकुबाईच्या पायाशी धाकट्या भावाचा, शालिकरामचा दंडवत. भाऊजींचा खोकला थांबला काय? थांबला नसेल, तर त्यांनी बिडी सोडली नाही हे मी इथूनच ओळखतो. मी खुशाल आहे. (खुशाल म्हणजे ताप उतरला, आणि गप्पा मारायला शाळेच्या कुडावर एक पाल आहे.)

तर बाई, सरकारनं आम्हा मास्तर लोकांना शिरगणतीला जुंपलं. हुकूम असा, की आधी प्रत्येक दारावर नंबर टाकायचा, मग माणसं मोजायची. मी उत्साहानं गेरू कालवला आणि एका दुपारी टोल्याची, म्हणजे या अख्ख्या वाडीची, दारं रंगवली. (काही घरांना दारच नाही, तिथं कुडावर.) लोक मुकाट्यानं पाहत होते. मला वाटलं, माझं वळणदार अक्षर पाहतात. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन निघालो, तर गावात चिटपाखरू नाही! माणसं, बकऱ्या, कोंबड्या, सगळे रानात. एक लंगडा कोंबडा तेवढा मागं राहिला होता, पण त्याच्यासाठी कागदात रकाना नव्हता.

मला गोंडी येत नाही, मराठी इथं दोघाचौघांनाच येते, त्यामुळं तसंही माझ्याशी कोणी फारसं बोलत नाही. पण मुसळांचा आवाज, चुलींचा धूर, कोणाचं तरी भांडण, एवढी सोबत असायची. तीही गेली आणि बाई, भात पुढ्यात घेतला तो तसाच झाकून ठेवला. शेवटी त्यांना शोधायला रानात शिरलो आणि मीच वाट चुकलो. (भाऊजींना सांगू नको.) ओरडून घसा बसला, तेव्हा एका मोहाच्या झाडाआडून गावचा पाटील, पोचू त्याचं नाव, बाहेर आला.

"गुरुजी," तो म्हणाला, "जंगलवाला झाडाले नंबर टाकते, मंग ते झाड कापते. तुमी आमाले काऊन नंबर टाकला?"

मला हसू आलं आणि लगेच जिरलं. कारण माझ्या खोपटावर मी नंबर टाकलाच नव्हता, आणि ते त्यानं पाहिलं होतं. परत येऊन त्याच्यादेखत माझ्या दारावर सगळ्यांत मोठा आकडा काढला. मला कापायला कोणी येतं का, हे गावकरी बरेच दिवस लांबून बघत राहिले. मग एकेक चूल पेटली.

मोजणीत माझ्या घराची पाळी आली, तेव्हा सगळे दाराशी जमले. शेजारची सोमारी म्हातारी म्हणाली, "तुयाइथी किती जन?"

"मी एकटाच."

सगळे हसले. ती हसली नाही. "एकल्याचं का घर असते बापा? तुले मायबी नाई का?"

"आहे की," मी म्हणालो. "शिमगा झाला की येणारच आहे."

असं का बोललो, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सोमारीनं माझं अंगण सारवून दिलं.

बाकी सगळं ठीक. भाऊजींना नमस्कार, लेकरांना गोड पापा.

तुझा
शालिकराम

ता. क. भाऊजी माझ्या बदलीसाठी साहेबांना भेटणार होते, ते लवकर भेटतील तर बरं. इथं माणूस राहू शकत नाही.

पुन्हा ता. क. वरची ओळ वाचू नको. आई तुझ्याकडं नातवंडांत रमली आहे, हे मला ठाऊक आहे. तरी तिला एकदा विचारून पहा. इथलं पाणी गोड आहे. पोचू तिच्यासाठी बाज विणून राह्यला आहे. ती नाही म्हणाली, तर बाज विणून होईपर्यंत तरी मला कळवू नको.