मस्कतला ऐकू जाईल अशी दवंडी

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला वाचायला येत नव्हतं, आणि आता तर वाचून दाखवायलाही तुम्ही समोर नाहीत. तरी लिहायला बसलेय, कारण काल तुमचा लेक महादेव बेळगावच्या शहापुरात, माझ्या माहेरी आला होता. सोबत तुमचे धाकटे बंधू. आमच्या बोळात टॅक्सी शिरत नाही, म्हणून देवळापाशी उतरून दोघं चालत आले.

काय म्हणाला ठाऊक आहे? "माझी आई अडाणी. हिनंच तिला फितवलं आणि कोर्टात अंगठा घेतला!" तुमचे बंधू मान हलवत होते. तडजोडीचा कागद तयारच होता. सासूला आपण कशावर अंगठा देतोय हे माहीत नव्हतं, आणि पोटगीची ऑर्डर मला नको, असं त्यावर टाइप केलेलं.

मी म्हटलं, "सोमवारी सांगते."

ते गेले आणि मला असा राग आला, आत्याबाई! मला कुणी काहीही म्हणो. पण तुम्हाला फितवणारी बाई अजून जन्माला यायची आहे, हे तुमच्या पोटच्या पोराला कळू नये?

आधी माझं भांडण सांगून टाकते. आणीबाणी उठली त्या साली महादेव वेल्डर म्हणून मस्कतला गेला. रेखा तेव्हा पाळण्यात होती. दोन वर्षं पत्रं आली, ड्राफ्ट आले, निपाणीत त्याच्या नावावर नवं घर झालं. मग माझ्या नावाचं पत्र बंद पडलं. त्यानं तिकडं दुसरा संसार थाटलाय हे सगळ्या गल्लीला माझ्याआधी माहीत होतं. तुम्हालाही! मी विचारलं तेव्हा तुम्ही नुकत्याच तंबाखूच्या वखारीतून आला होता. लुगडं झटकत म्हणालात, "पुरुषाची जात हाय. येतोय परत. न्हाय पटत तर जा माह्यारला."

मी गेले. पोरीला काखेत घेऊन गेले, आणि तुम्ही उंबऱ्यापर्यंतसुद्धा आला नाहीत. पुढं एवढं सगळं केलंत, पण "सुशे, माझं चुकलं" एवढं एकदाही तुमच्या तोंडून निघालं नाही. मी वाट बघत होते हो.

माहेरी मागावरच्या कांड्या भरत मी बेळगावच्या कोर्टात पोटगीचा अर्ज केला. समन्स मस्कतला दोनदा गेलं, दोनदा परत आलं. कोर्टातले साहेब म्हणायचे, त्याला खबरच लागली नसेल तर निकाल कसा द्यायचा? तारखांवर तारखा पडल्या, वर्ष गेलं.

आणि एका दुपारी तुम्ही आमच्या दारात! निपाणीहून एकट्या, दोन बस बदलून. माग खडखडत होते, त्यात तुमची हाक कुणाला ऐकूच आली नाही. मी तुम्हाला "बसा" म्हटलं नाही. पाण्याचा तांब्याही दिला नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

तुम्ही पोलक्यातून पत्र काढलंत. "वाच. शेजारच्या मास्तरणीनं वाचलं, पर ती मधलं कायतरी गाळत्याय असं वाटलं मला."

मी वाचलं. "आई, कोर्टाचं पाकीट आलं होतं. मी घेतलं नाही. तिच्या कोर्टाचा हात इथवर पोचत नाही. कुणी विचारलं तर माझा पत्ता तुला माहीत नाही असं सांग."

"परत वाच." मी परत वाचलं.

"म्हंजे कोर्टानं इचारलं तर मी खोटं बोलायचं?"

"व्हय."

तुम्ही पदर खोचलात. मग म्हणालात, "त्यानं तुला टाकलं, ते मी गिळलं. आता ह्या वयात मला लबाड करतोय व्हय त्यो? घाल ते पत्र कोर्टात. मी येतो संगट."

याला फितवणं म्हणतात का, आत्याबाई?

कोर्टात साहेबांनी तुम्हाला स्पष्ट विचारलं होतं. त्यांचं कानडी कारकुनानं मराठीत करून सांगितलं, "आजी, तुम्ही लेकाविरुद्ध बोलताय. कळतंय ना?" तुम्ही म्हणालात, "कळतंय म्हणून तर आलोय." मग अंगठा दिलात आणि शाई डोक्याला पुसलीत.

त्या पत्रामुळंच ऑर्डर झाली. त्याला खबर होती, त्यानं मुद्दाम समन्स चुकवलं, हे कोर्टानं मान्य केलं. मला वाटलं, जिंकले! दुसऱ्या दिवशी नक्कल घेऊन कारकुनाकडं गेले, म्हटलं, आता मस्कतला पाठवा. तो म्हणाला, ज्या देशांशी आपल्या सरकारचा करार आहे, त्यांच्याच कोर्टातून अशी वसुली होते. त्याच्याकडं यादी होती. वरून खालपर्यंत बोट फिरवलं. "मस्कत? इल्ल, अम्मा."

इल्ल. नाही. एवढं झगडून मिळवलेल्या ऑर्डरीचं लोणचं घालायचं होतं का मी?

वकीलसाहेबांनी एकच विचारलं, "त्याच्या नावावर इकडं काही आहे?" मी खाली बघत राहिले. मला माहीत होतं. पण त्या घरात तुम्ही राहत होता! माझ्या शेजारून तुमचाच आवाज आला, "हाय की. घर हाय. मीच ऱ्हातो त्यात."

वकिलांनी चष्मा काढला. "आजी, जप्ती आली, लिलाव झाला, तर तुम्ही रस्त्यावर याल."

"खळ्यावर जन्मलोय मी. मला रस्त्याचं भ्या घालू नगासा."

कोर्टाचं वॉरंट कलेक्टरकडं, तिथून चिकोडीच्या तहसीलदाराकडं, असं फिरत आठ महिन्यांनी निपाणीला पोचलं. तलाठ्यानं दारावर नोटीस डकवली. हलगीवाला ओळखीचा, तुमच्यासमोर दवंडी द्यायला लाजत होता. टिचकी मारल्यासारखी हलगी वाजवत होता. तुम्ही कमरेवर हात ठेवून पायरीवर उभ्या! "जेवला न्हाईस व्हय रं? मोठ्यानं वाजव! मस्कतला ऐकू गेलं पायजे!"

सगळी गल्ली हसली. मी रेखाचा हात धरून कोपऱ्यावर उभी होते. मी हसले का रडले, मलाच आठवत नाही.

आणि ऐकू गेलं की हो! पंधरवड्यात कुणाकरवी तरी त्यानं सगळी थकबाकी चिकोडीला भरली. लिलाव टळला. पुढच्या वर्षी पुन्हा थांबला, पुन्हा अर्ज, पुन्हा हलगी. तिसऱ्या वर्षी मात्र मुकाट्यानं भरत गेला. रेखाची शाळा त्यावर चालली.

तुम्हाला यासाठी काय मोजावं लागलं, ते मला तुमच्या बाराव्याला कळलं. वखारीतल्या बायका सांगत होत्या. लेकाच्या घरावर जप्ती आणणारी म्हणून भावकीनं तुम्हाला लग्नाकार्याला बोलावणं सोडलं होतं. सख्ख्या भाचीच्या हळदीला तुम्ही घरीच बसलात! दर महिन्याला मी भेटायला यायचे, तेव्हा का नाही बोललात? मी एकदा तरी तुमच्या शेजारी बसून त्यांना ऐकवलं असतं.

तुम्ही गेलात तेव्हा त्याला तार केली होती. आला नाही. आता नऊ महिन्यांनी आलाय, कारण घराला गिऱ्हाईक मिळालंय. तुम्ही गेल्यापासून पोटगीचा एक पैसा आलेला नाही. घर विकलं की इकडं त्याच्या नावावर काहीच उरत नाही. मग माझी ऑर्डर पुन्हा नुसता कागद. म्हणून ही तडजोडीची घाई!

काल ते दोघं जाताना दारात रेखा शाळेतून येत होती. दोन वेण्या, खांद्यावर दप्तर. त्यानं तुमच्या बंधूंना विचारलं, "ही कुणाची?"

आत्याबाई, तेवढ्यानं माझ्या मनातली उरलीसुरली भीती गेली.

आज वकिलांकडं जाऊन आले. म्हणाले, कोर्टाचा हात मस्कतला पोचत नव्हता, पण आता माणूस स्वतःच इथं आलाय. सोमवारी मी दोन अर्ज देणार आहे. एक घर विकण्याआधी जप्तीचा, दुसरा त्याच्या अटकेच्या वॉरंटाचा. नऊ महिन्यांचं भरून मोकळा हो, नाहीतर हिंडलग्याच्या जेलची भाकरी खा. तुमचे बंधू मला कैदाशीण म्हणतील. म्हणू देत!

आणि साहेबांनी विचारलं, सासूला कळत होतं का, तर खाली बघणार नाही. तुम्ही जे बोललात ते तुमच्याच शब्दांत, भर कोर्टात सांगीन. त्याच्या कागदावर माझी सही होणार नाही. माझ्या सासूचा अंगठा मी खोटा पडू देणार नाही. हा माझा शब्द.

तुमची सून,
सुशीला