खळं न पडलेली ताटली

प्रिय आई,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवतेही वेळेवर.

माझं काम ऐकून तू नाक मुरडशील. अख्ख्या शहराचं सांडपाणी माझ्या बाटलीत येतं. मला मात्र ते स्वप्नासारखं वाटतं. अनोळखी घरांतले ताप, खोकले, गिळलेली औषधं, सगळं वाहत वाहत माझ्या टेबलापाशी येऊन थांबतं.

त्यातले जंतू मी काचेच्या ताटलीत वाढवते आणि मधोमध औषध लावलेला टिकलीएवढा कागद ठेवते. औषध लागू पडलं की भोवतीचे जंतू मरतात आणि चंद्राला पडतं तसं स्वच्छ खळं पडतं. मी बघतच बसते.

आज एका ताटलीत खळंच नव्हतं. जंतू कागदाला खेटून सुखाने वाढले होते.

औषध त्या लाल गोळीतलंच होतं. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या तू डब्यात जपून ठेवतेस ना, त्याच. निघताना माझ्याही पिशवीत कोंबल्यास, "असू देत गं, अडीनडीला."

घाबरू नकोस, हे इथलं पाणी आहे, आपल्या गावचं नाही.

बाबांच्या पायाची जखम अजून ओली आहे म्हणतेस. त्यांना डब्यातलीच गोळी देतेस का? उत्तर लिहीत बसू नकोस, आधी त्यांना डॉक्टरांकडे ने.

तुझी,
धाकटी