बोटभर खाली थांबणारी लिफ्ट

घरच्या मालकीणबाईंस,

मी खुशाल आहे, जेवणही वेळेवर होतं. पण आज डोकं फिरलं आहे.

सुट्टी म्हणून कामावरच्या मंडळींनी मला इथला उंच मनोरा बघायला नेलं. तिथली लिफ्ट मजल्यापेक्षा बोटभर खाली थांबत होती आणि माणसं चढली की आणखी खचत होती. माझ्यादेखत एक म्हातारी अडखळली.

मी लिफ्टवाल्याला म्हटलं, "ब्रेक घसरतोय, बंद कर ही."

"काका, तुम्ही इंजिनिअर का?"

उत्तर आमच्याच इंजिनिअरसाहेबांनी दिलं, "छे हो, हे आपले बघूनबघून शिकलेले!" सगळे खिदळले आणि त्याच लिफ्टनं वर गेले. सव्वीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त करतोय की भाजी विकतोय?

मी जिन्यानं चढलो, चारशे बारा पायऱ्या, मोजून. वर कसला देखावा बघतोय! उतरलोही जिन्यानंच. त्यांना काही झालं नाही, म्हणून आता मलाच चिडवतात. पण तक्रारवहीत सविस्तर लिहून, खाली सही ठोकून आलोय.

आईचा खोकला थांबला का? आपल्या इमारतीची लिफ्ट तुम्ही बिनघोर वापरा, ती मी स्वतः तपासली आहे.

गुडघा अगदी ठीक आहे. फक्त तू दिलेली तेलाची बाटली बॅगेच्या कुठल्या कप्प्यात आहे, ते लगेच कळव.

तू म्हणतेस तोच,
हट्टी